बाळांच्या फोटोग्राफरने बांधलेली टीम

आधीच सांगून टाकते, हा लेख मेस्सी-रोनाल्डोच्या फुटबॉलबद्दल नाही. त्यांची वाट बघणाऱ्यांनी खुशाल पान उलटावं. पण थोडं थांबलात तर पुढे एक भलामोठा कॉम्प्युटर आहे, अलीगढला शिकलेला एक स्टॅटिस्टिशियन आहे आणि प्लेसमेंटसुद्धा आहे. म्हणजे आपल्या कामाचं बरंच काही आहे.

हा फुटबॉल अमेरिकेतला. बॉल लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं नाहीतर फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्यांना द्यायचा. नियमांचं पुस्तक जाड आहे, पण आपल्याला एवढं पुरे. मुद्दा असा, की या खेळात प्रत्येक जागेला वेगळा माणूस लागतो. बॉल फेकणारा क्वार्टरबॅक हा टीमचा मेंदू. त्याच्यासमोर भिंतीसारखे उभे राहणारे लाइनमन, आजकाल दीडशे किलोच्या आसपासचे. लांब पळत जाऊन बॉल झेलणारा रिसीव्हर वेगळा, त्याला अडवणारा वेगळा, आणि बॉलला फक्त लाथ मारण्यासाठी ठेवलेला किकर त्याहून वेगळा. शेवटचा हा तर सामन्यात मोजून काही मिनिटंच मैदानात दिसतो.

डॅलसजवळ राहणारा माझा मामेभाऊ या खेळाचा इतका भक्त झालाय, की गणपतीच्या आरतीलासुद्धा डॅलस काउबॉइजचा निळा-चंदेरी टी-शर्ट घालून उभा असतो. त्याच्या तोंडून मी गिल ब्रँट हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही मुली गाइड होतो आणि शेजारच्या शाळेतली मुलं स्काउट, त्यामुळे ‘स्काउट’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर खाकी हाफ पँट, गळ्यात स्कार्फ आणि दोरीच्या गाठी हेच आलं. भावाने कपाळावर हात मारला. मग मी वाचायला लागले आणि सबमिशनच्या आठवड्यात, म्हणजे नको तेव्हा, त्यात पूर्ण अडकले.

तर, स्काउट म्हणजे खेळाडू शोधणारा माणूस. अमेरिकेत प्रोफेशनल टीमना नवे खेळाडू मिळतात ते कॉलेजांमधून, आणि ते कोणी कोणाला घ्यायचे हे ठरतं वर्षातून एकदा होणाऱ्या ‘ड्राफ्ट’मध्ये. ही पद्धत १९३६ पासूनची. आपल्या कॅप राउंडच्या बरोबर उलट समजा. आपल्याकडे ज्याचा नंबर वरचा तो आधी कॉलेज निवडतो. तिकडे टीम मुलांना निवडतात, आणि ज्या टीमने गेल्या सीझनला सगळ्यात जास्त मार खाल्लाय तिला पहिली निवड मिळते. आयपीएलसारखा लिलाव नाही, त्यामुळे श्रीमंत मालकाने पैसे ओतून सगळे हिरे उचलले असं होत नाही. पैसा चालत नाही म्हटल्यावर उरतं एकच, दुसऱ्यांपेक्षा आधी आणि दुसऱ्यांपेक्षा नीट माणूस ओळखणं. ते काम स्काउटचं.

ऐकायला मजेचं वाटतं. पण १९६०च्या दशकात लीगच्या ड्राफ्टमध्ये वीस फेऱ्या असत आणि टीम होत्या चौदा, म्हणजे एका दिवसात २८० नावं पुकारली जायची. त्यासाठी देशभरातल्या शेकडो कॉलेजांमध्ये हिंडायचं, सामने बघायचे, कोचशी बोलायचं, रात्री मोटेलवर बसून रिपोर्ट लिहायचा आणि सकाळी पुढचं गाव गाठायचं. एस. टी.ने फिरणाऱ्या औषध कंपनीच्या एमआरला जसा जिल्ह्यातला प्रत्येक डॉक्टर माहीत असतो, तसा स्काउटला प्रत्येक कॉलेजचा कोच माहीत असावा लागतो.

गिल ब्रँट यांचा जन्म १९३२ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातला. त्यांनी स्वतः मोठा फुटबॉल कधी खेळला नाही. त्यांचा धंदा होता नवजात बाळांचे फोटो काढायचा! हॉस्पिटलांमध्ये जन्मलेल्या बाळांचे फोटो काढायचे आणि आई-वडिलांना विकायचे. पण वेड फुटबॉलचं. हायस्कूलचा कोच असल्याची बतावणी करून ते कॉलेजांकडून सामन्यांच्या फिल्म मागवत आणि घरी बसून त्या पुन्हा पुन्हा बघत. आपल्या ओळखीच्या काही महाशयांनी नेटफ्लिक्सच्या पासवर्डसाठी केलेल्या थापांच्या मानाने ही थाप फारच सात्त्विक म्हणायची.

विस्कॉन्सिनचाच नावाजलेला खेळाडू एलरॉय हिर्श तेव्हा लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळत होता. त्याच्या ओळखीने ब्रँट रॅम्सचे जनरल मॅनेजर टेक्स श्रॅम यांच्यापर्यंत पोचले आणि १९५५ च्या सुमाराला रॅम्ससाठी पार्टटाइम स्काउट झाले. पुढे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्ससाठीही त्यांनी तेच काम केलं. मग १९६० साली डॅलसला नवी टीम निघाली, काउबॉइज. श्रॅम तिचे जनरल मॅनेजर झाले, टॉम लँड्री नावाचे शांत, कडक, हॅट घालणारे गृहस्थ कोच झाले, आणि खेळाडू जमवायची जबाबदारी आली ब्रँट यांच्यावर. वय वर्षं २८. इथून पुढे २९ वर्षं तेच खातं त्यांच्याकडे राहिलं. हुद्दा नंतर व्हाइस प्रेसिडेंटचा झाला, पण मूळ माणूस स्काउटचाच.

सुरुवात दणकून वाईट झाली. टीमला लीगमध्ये प्रवेश मिळाला तोच इतका उशिरा, की १९६० चा कॉलेज ड्राफ्ट आधीच उरकला होता. म्हणजे सगळे राउंड संपल्यावर कॉलेजला मान्यता मिळाल्यासारखं झालं. बाकीच्या टीमनी नको म्हटलेले आणि कोणीच न निवडलेले गोळा करून काउबॉइज मैदानात उतरले. पहिल्या सीझनचा निकाल: १२ सामने, ११ हरले, १ बरोबरीत.

आता कॉम्प्युटर.

हार एकवेळ समजू शकते, पण निवड कशामुळे चुकते हेच कळत नसेल तर काय करायचं? श्रॅम यांना हा प्रश्न सतावत होता. मधली काही वर्षं ते सीबीएस या टीव्ही कंपनीत होते आणि १९६० चं हिवाळी ऑलिम्पिक कॅलिफोर्नियात स्क्वॉ व्हॅलीला झालं तेव्हा तिथे आयबीएमची यंत्रं निकालांचे आकडे कसे भराभर काढतात हे त्यांनी पाहिलं होतं. तो किडा डोक्यात होताच. १९६२ मध्ये त्यांनी आयबीएमच्या सर्व्हिस ब्युरो कॉर्पोरेशन या कंपनीला विचारलं: खेळाडू निवडायला तुमचं यंत्र काही मदत करेल का? कंपनीने हे काम ज्यांच्याकडे दिलं त्यांचं नाव सलाम कुरेशी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स शिकून अमेरिकेला गेलेले. कुरेशींना क्रिकेट कळत होतं, अमेरिकन फुटबॉल अजिबात नाही. आणि डॅलसच्या कोच मंडळींना कॉम्प्युटर कळत नव्हता आणि भारतातला माणूसही. पहिल्या काही मीटिंगा कशा झाल्या असतील याची मला कल्पना करवत नाही आणि करायला फार आवडतं.

पण गंमत अशी, की कुरेशींना खेळ कळत नव्हता याचाच फायदा झाला असं मला वाटतं. खेळ कळणारी माणसं एकमेकांना ‘चांगला आहे’ म्हणतात आणि समोरचा मान हलवतो. न कळणारा विचारतो, चांगला म्हणजे काय?

स्काउटांच्या रिपोर्टमधली खरी अडचण हीच होती. एक स्काउट लिहायचा ‘चपळ’, दुसरा ‘बऱ्यापैकी चपळ’, तिसरा ‘मांजरासारखा’. यातला सगळ्यात चपळ कोण? तिसऱ्याला उपमा द्यायची सवय असेल. पहिल्याला मुळात कौतुक करायचीच सवय नसेल आणि त्याचा नुसता ‘चपळ’ सगळ्यात भारी असेल. ओरलला आपण हेच भोगतो. एक एक्स्टर्नल २५ पैकी २३ देतात कारण ते सगळ्यांनाच २३ देतात, आणि शेजारच्या बॅचला ज्यांच्याकडून १६ मिळाले त्यांनी आयुष्यात १७ दिलेले नसतात. मार्कशीटवर २३ आणि १६ मात्र शेजारी शेजारी छापले जातात.

म्हणून पहिलं काम शब्द ठरवायचं. कोणते गुण बघायचे यावर कोच आणि स्काउट यांच्याकडून लांबलचक यादी निघाली. आता एम-थ्रीमधलं कोरिलेशन आठवा. (केटी लागलेल्यांनी तर नक्की आठवा.) यादीतले कितीतरी गुण एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं असतात. जो ‘पटकन वळतो’ त्याचा ‘तोल चांगला’ असतोच. दोन्हीला वेगळे मार्क दिले तर एकाच गुणाचे दोनदा मार्क दिल्यासारखं होतं. असे एकमेकांत गुंतलेले गुण एकत्र बांधत बांधत शेवटी पाच गठ्ठे उरले: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, स्पर्धेची खुमखुमी, तरतरीत डोकं, आणि ताकद, म्हणजे एकदम उसळी मारणारी ताकद. उंची, वजन आणि वेग हे तर सरळ मोजता येणारे. मग प्रत्येक गुणासाठी साध्या भाषेतली विधानं तयार केली आणि स्काउटने त्या विधानापुढे १ ते ९ मधला आकडा लिहायचा असं ठरलं. कोणत्या जागेला कोणता गुण किती महत्त्वाचा, त्याप्रमाणे वजनं वेगळी. लाइनमनच्या ताकदीला जे वजन ते किकरच्या ताकदीला देऊन काय उपयोग?

यातून एक गोष्ट आपोआप होते आणि मला ती सगळ्यात आवडली. आकडे कागदावर वर्षानुवर्षं साठले, की खेळाडूबरोबर स्काउटचीही परीक्षा सुरू होते. कोण सढळ हाताने ९ वाटतो, कोण चिक्कू आहे, कोणाचे ७ वाले पुढे खरंच खेळले आणि कोणाचे ९ वाले पहिल्याच वर्षी घरी गेले हे सगळं दिसायला लागतं. आपल्या टर्म वर्कला हे लावता आलं तर काय काय बाहेर येईल, या विचाराने मला एक रात्र झोप आली नव्हती. (स्टाफ रूममध्ये हे वाचलं जातं याची मला जाणीव आहे. सर, मॅडम, सामान्य विधान आहे.)

यंत्र महाग होतं म्हणून काउबॉइजनी खर्च रॅम्स आणि फोर्टीनाइनर्स यांच्याबरोबर वाटून घेतला. आज ज्यांच्याशी मैदानात भिडायचं त्यांच्याशीच यंत्राचं भाडं वाटायचं, मेसच्या बिलासारखं! कुरेशींनी नंतर अमेरिकेतच कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कंपन्या काढल्या.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काउबॉइजचं नाव निघालं की ‘कॉम्प्युटरने निवडलेली टीम’ असं म्हणायची पद्धत आहे. पण ब्रँट यांचा सगळ्यात गाजलेला ड्राफ्ट १९६४ चा, जो प्रत्यक्षात २ डिसेंबर १९६३ ला झाला, आणि तेव्हा यंत्राची जुळवाजुळव अजून चालूच होती. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या फेरीत मेल रेन्फ्रो, सातव्या फेरीत बॉब हेज आणि दहाव्या फेरीत रॉजर स्टॉबॅक यांना घेतलं. तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. दहाव्या फेरीपर्यंत स्टॉबॅक शिल्लक का राहिला? तो काही अनोळखी नव्हता. १९६३ चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून हाइजमन ट्रॉफी त्यालाच मिळाली. पण तो होता नेव्हल अकॅडमीत. पास झाल्यावर चार वर्षं नौदलात नोकरी बंधनकारक. चार वर्षं कोण थांबणार? ब्रँट थांबले. स्टॉबॅक व्हिएतनामला जाऊन आला, तिथे सरावासाठी डॅलसहून त्याच्याकडे बॉल पाठवले गेले, आणि १९६९ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो नवखा म्हणून टीममध्ये दाखल झाला. १६ जानेवारी १९७२ ला काउबॉइजनी मायामीला २४-३ ने हरवून पहिला सुपर बोल जिंकला तेव्हा सर्वोत्तम खेळाडू तोच.

हेजचं तर आणखी मजेशीर. त्याला निवडलं तेव्हा तो फ्लोरिडातल्या एका कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातला धावपटू होता. दुसऱ्या वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि तो जगातला सर्वात वेगवान माणूस ठरला. मैदानावर त्याच्यामागे एकट्याने पळून त्याला गाठणं कोणालाच जमेना, तेव्हा माणसामागे पळण्यापेक्षा मैदानाचे भाग वाटून राखायची पद्धत बाकीच्या टीमना वाढवावी लागली.

आणि बास्केटबॉल! ब्रँट यांची ही खास खोड. कॉर्नेल ग्रीन कॉलेजमध्ये फुटबॉल खेळलाच नव्हता, बास्केटबॉल खेळायचा. १९६२ मध्ये त्याला उचललं. तो १३ सीझन खेळला आणि पुढे स्वतःच स्काउट झाला. रेफील्ड राइट जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅली स्टेट या लहानशा कॉलेजातला, त्याचाही जीव बास्केटबॉलमध्ये. १९६७ ला सातव्या फेरीत घेतला, हॉल ऑफ फेम २००६. यामागचा तर्क सरळ आहे. बास्केटबॉलमध्ये जो समोरच्याला अडवतो त्याचे पाय आडवे-तिडवे भराभर हलावे लागतात, आणि लाइनमनलाही तेच हवं असतं. वजन नंतर वाढवता येतं, पाय नाही. १९७१ मध्ये तर किकर हवा म्हणून मंडळी थेट व्हिएन्नाला गेली आणि टोनी फ्रिच या ऑस्ट्रियाच्या खेळाडूला घेऊन आली. हा मात्र खराखुरा आपल्या फुटबॉलवाला! १९६५ साली वेम्बलीवर ऑस्ट्रियाने इंग्लंडला ३-२ असं हरवलं तेव्हा त्यातले दोन गोल याचे.

म्हणजे यंत्राने काय केलं? मला वाटतं, यंत्राने त्यांना स्वतःच्या मनापासून वाचवलं. ड्राफ्टच्या दिवशी घड्याळ चालू असतं, खोलीत दहा माणसं दहा नावं ओरडत असतात, कोणाचा तरी जुना मित्र कोच आहे म्हणून एखादं नाव वर सरकत असतं. अशा वेळी आधीच शांतपणे तयार केलेली यादी असली आणि ‘यादीत सगळ्यात वर जो आहे तो घ्यायचा’ एवढा एकच नियम पाळला, तर गडबड कमी होते. काउबॉइजनी १९६६ ते १९८५ असे सलग २० सीझन हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले, पाच वेळा सुपर बोल गाठला, दोनदा जिंकला.

पण यादीत माणूस येतो तोच मुळी कोणीतरी त्याला जाऊन बघितलं म्हणून. त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतली मोठी विद्यापीठं कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतच नव्हती. ती मुलं ग्रँबलिंग, फ्लोरिडा ए अँड एम, फोर्ट व्हॅली अशा स्वतंत्र कॉलेजांमध्ये शिकायची आणि बऱ्याच स्काउटांची गाडी तिकडे वळायचीच नाही. जी वळली त्यांना सोनं मिळालं. पिट्सबर्ग स्टीलर्सकडे बिल नन होते, मूळचे पत्रकार, एका कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचं खेळाचं पान वर्षानुवर्षं सांभाळलेले. ही सगळी कॉलेजं त्यांना घरच्यासारखी. स्टीलर्सच्या १९७४ च्या एका ड्राफ्टमधून चार हॉल ऑफ फेमर निघाले, आणि याच स्टीलर्सनी काउबॉइजना १९७६ आणि १९७९ अशा दोन सुपर बोलमध्ये हरवलं. ननना पाच गठ्ठे सांगायला कॉम्प्युटर लागला नव्हता. आणि निवडून आणलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. रेन्फ्रोला डॅलसमध्ये त्याच्या रंगामुळे घर भाड्याने नाकारलं, तेव्हा त्याला १९६९ साली कोर्टात जावं लागलं. रविवारी ज्याच्यासाठी स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायचं, सोमवारी त्याला घर नाही.

हे सगळं वाचताना मला सारखी माझी रूममेट आठवत होती. तिला बारावीला ५८ टक्के. त्या वर्षी तिचे वडील आजारी होते, पण फॉर्ममध्ये ते लिहायला रकाना नसतो. डिग्रीला गेले तीन सेमिस्टर ती वर्गात पहिली आहे. कॅम्पसला आलेल्या एका कंपनीचा निकष होता ‘थ्रूआउट सिक्स्टी’, दहावी-बारावी-डिग्री सगळीकडे. ती ॲप्टिट्यूडलाही बसू शकली नाही. त्या दिवशी तिने मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि एक अक्षर बोलली नाही. आता कोणी म्हणेल, कंपनीने आकडा वापरला, ब्रँट यांनीही आकडा वापरला, फरक काय? फरक हा की ब्रँट यांचा आकडा माणूस बघून झाल्यावर लिहिला जायचा. आणि ‘थ्रूआउट सिक्स्टी’ हा बघायला लागू नये म्हणून ठेवलेला आकडा आहे.

शिवाय ब्रँट यांचं काम ड्राफ्ट संपल्यावर थांबायचं नाही. सगळ्या फेऱ्या झाल्या, कोणीच न निवडलेली मुलं हिरमुसून बसली, की डॅलसहून फोन सुरू व्हायचे. क्लिफ हॅरिस (१९७०) आणि ड्रू पिअर्सन (१९७३) हे दोघं असेच आले आणि दोघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. एव्हरसन वॉल्सचं उदाहरण तर इंजिनिअरांनी मुद्दाम वाचावं. ग्रँबलिंगचा मुलगा, समोरच्याचे पास मधेच झेलण्यात तो कॉलेज फुटबॉलमध्ये देशात पहिला. तरी १९८१ च्या ड्राफ्टमध्ये कोणीही घेतला नाही, कारण ४० यार्ड पळायला, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, त्याला जास्त वेळ लागायचा. काउबॉइजनी घेतला, आणि पहिल्याच सीझनला त्याने ११ पास झेलले, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. घड्याळ तो किती वेगाने पळतो हे मोजत होतं. तो पळायला कधी सुरुवात करतो हे कोणी मोजलंच नव्हतं.

सूर्य मावळतो तसा हाही मावळला, आणि मावळायची सुरुवात कुठे झाली ते चक्क बोट ठेवून दाखवता येतं. १९७९ चा ड्राफ्ट, तिसरी फेरी, एकूण ७६ वा नंबर. काउबॉइजच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं जो मोंटाना, क्वार्टरबॅक. नियमाप्रमाणे तोच घ्यायला हवा होता. पण आपल्याकडे स्टॉबॅक आहे, त्याच्यामागे डॅनी व्हाइट आहे, आणखी क्वार्टरबॅक कशाला, असा विचार झाला आणि डग कॉस्बी या दुसऱ्या जागेच्या खेळाडूला घेतलं. कॉस्बी चांगलाच निघाला, त्याला दोष नाही. पण सहा नंबर पुढे, ८२ व्या क्रमांकावर, सॅन फ्रान्सिस्कोने मोंटानाला उचललं. तो एक सीझन खेळून स्टॉबॅक निवृत्त झाला. १० जानेवारी १९८२ ला सुपर बोलच्या दारातल्या सामन्यात काउबॉइज पुढे असताना, एक मिनिटाच्या आत खेळ उरलेला असताना, मोंटानाने शेवटच्या टोकाला उंच बॉल फेकला आणि ड्वाइट क्लार्कने हवेत झेपावून तो झेलला. २८-२७. तो झेल अमेरिकेत नुसता ‘द कॅच’ म्हणून ओळखला जातो. त्या फोटोत क्लार्कच्या पाठीमागे हात वर करून जो हताश उडी मारतोय तो एव्हरसन वॉल्स. सगळ्यांनी नाकारलेला आणि आपण शोधलेला मुलगा खाली, आणि आपण सोडून दिलेल्याने फेकलेला बॉल वर.

त्यानंतर उतार. बाकीच्या टीमकडेही कॉम्प्युटर आले, सगळेच छोट्या कॉलेजांत जायला लागले, आणि खेळाडूंची तपासणी एकाच ठिकाणी करायची पद्धत १९८०च्या दशकात रुळली. ज्या वाटा एकट्या ब्रँट यांना माहीत होत्या त्यांचे हायवे झाले. डॅलसच्या पहिल्या फेरीतल्या निवडी एकामागून एक फसत गेल्या. १९८८ च्या सीझनमध्ये १६ पैकी १३ सामने हरले. फेब्रुवारी १९८९ मध्ये जेरी जोन्स यांनी टीम विकत घेतली आणि पहिल्या झटक्यात लँड्रींना काढलं. श्रॅम गेले. ब्रँट यांना ड्राफ्ट होईपर्यंत ठेवलं, कारण ३-१३ मुळे पहिला नंबर डॅलसचा होता. ट्रॉय एकमनला घेतलं गेलं, आणि काही दिवसांतच ब्रँट यांना नारळ मिळाला. त्याच एकमनने पुढच्या काही वर्षांत टीमला तीन सुपर बोल जिंकून दिले. यावर काय बोलायचं?

त्यांनी दुसऱ्या टीमची नोकरी धरली नाही. लिहू लागले, रेडिओवर बोलू लागले आणि वयाची नव्वदी ओलांडली तरी दरवर्षीच्या ड्राफ्टमधल्या मुलांची यादी करत राहिले. ज्या जेरी जोन्सनी काढलं त्यांनीच २०१८ मध्ये स्टेडियममध्ये त्यांचं नाव सन्मानाने कोरलं, आणि २०१९ मध्ये, ८७ व्या वर्षी, ते हॉल ऑफ फेममध्ये गेले. एक गोष्ट मात्र मला खटकली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल २०२२ मध्ये ड्वेन हॅस्किन्स हा २४ वर्षांचा क्वार्टरबॅक रस्त्यावर गाडीची धडक बसून गेला. त्याच दिवशी रेडिओवर ब्रँट यांनी त्याच्या चुकांचा पाढा वाचला, कॉलेजात आणखी राहिला असता तर असं झालं नसतं अशा अर्थाचं बोलले. लोक भयंकर चिडले आणि त्यांना माफी मागावी लागली. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, साठ-पासष्ट वर्षं माणसांपुढे आकडे लिहून लिहून हात इतका बसला, की मेलेल्या मुलाचाही रिपोर्टच लिहिला गेला.

३१ ऑगस्ट २०२३ ला ब्रँट गेले, वय ९१. माझ्या भावाने त्या दिवशी फोटो पाठवला होता, डॅलसच्या स्टेडियममधल्या त्यांच्या नावाचा. रूममेटला दाखवला तर तिने एवढंच विचारलं, हे अजून असते तर बारावीचे मार्क विचारले असते का गं? ती सध्या ऑफ-कॅम्पसला अर्ज करतेय. आत्तापर्यंत ४३ झाले.